विमानाच्या केबिनमधली आग आणि धूर संगणकावर: एफडीएसमध्ये पहिली केस कशी उभारावी

एफडीएस (फायर डायनॅमिक्स सिम्युलेटर) हा आगीची उष्णता आणि धूर कसा पसरतो ते काढणारा प्रोग्रॅम आहे. तो शिकायला घेतला की दोन-तीन दिवसांत केबिन, सीटांच्या रांगा आणि छताखालून सरकणारा काळा धूर पडद्यावर दिसू लागतो. चित्र इतकं खरं वाटतं की आकडे तपासायचे राहून जातात. म्हणून आधीच एक गोष्ट पक्की करून ठेवा. नेहमीच्या पद्धतीत आग किती मोठी आणि किती वेगाने वाढणारी, हे तुम्ही लिहून देता. त्या आगीची उष्णता आणि धूर केबिनमध्ये कुठे, कधी आणि किती पोचतो, एवढंच प्रोग्रॅम काढतो. आग चुकीची दिलीत तर पुढचं सगळं गणित बिनचूक होऊनही उत्तर चुकतं.

विमानाच्या आगीत धूर बहुधा ज्वाळांच्या आधी माणसापर्यंत पोचतो. मँचेस्टर विमानतळावर २२ ऑगस्ट १९८५ रोजी बोइंग ७३७ च्या डाव्या इंजिनाचा भाग फुटून पंखातल्या इंधनाला आग लागली. विमान जमिनीवरच होतं, तरी १३७ पैकी ५५ जण गेले आणि त्यातले बहुतेक धुरामुळे. त्याआधी २ जून १९८३ रोजी सिनसिनाटीला उतरलेल्या एअर कॅनडाच्या डीसी-९ मध्ये मागच्या टॉयलेटच्या भागात आग होती. दारं उघडल्यानंतर दीड मिनिटाच्या आत केबिन पेटली आणि ४६ पैकी २३ जण वाचले नाहीत. वारा, दारं आणि प्राणवायू यांचा हा खेळ समजून घ्यायला मॉडेल उपयोगी पडतं.

या लेखात एअरबस ए३२० एवढी, एकच मधली वाट असलेली, जमिनीवर उभी केबिन घेतली आहे. फाईलमधल्या ओळींची नावं रोमन अक्षरांत लिहायची असतात. इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत: मेश (जागेचे छोटे चौकोनी तुकडे, म्हणजे सेल, पाडणारी जाळी), सर्फ (पृष्ठभाग), मॅटल (पदार्थ), ऑब्स्ट (भिंत, सीट असा घन अडथळा), व्हेंट (पृष्ठभागावरचा हवेचा किंवा आगीचा पट्टा, किंवा उघडी हद्द), रिअ‍ॅक (ज्वलनाची क्रिया), डेव्हक (मापक). एफडीएसचं युजर गाइड शेजारी उघडं असेल तर ती लगेच ओळखू येतील.

आधी हे जमवा

- एफडीएस आणि त्याची उत्तरं चित्रांत दाखवणारा स्मोकव्ह्यू. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेचे हे प्रोग्रॅम मोफत मिळतात आणि एकाच इन्स्टॉलरमधून बसतात.
- एफडीएसचं युजर गाइड आणि व्हॅलिडेशन गाइड. टेक्निकल रेफरन्स गाइड नंतर वाचलं तरी चालेल.
- विमान कंपनीने विमानतळ नियोजनासाठी प्रसिद्ध केलेली मापांची पुस्तिका. बोइंग आणि एअरबस दोघांच्याही पुस्तिका खुल्या आहेत. केबिनचा आडवा छेद, दारांच्या जागा आणि मापं त्यात मिळतात.
- सीट, भिंत आणि छत यांच्या साहित्याच्या चाचण्यांचे आकडे, विशेषतः कोन कॅलरीमीटरचे (ठरावीक उष्णतेखाली नमुना जाळून त्यातून किती उष्णता निघते ते मोजणारं उपकरण).
- आठ कोरचा संगणक, कोरमागे किमान २ जीबी मेमरी. साधा टेक्स्ट एडिटर आणि आकडे मांडायला स्प्रेडशीट.

पायरोसिमसारखं विकतचं सॉफ्टवेअर असेल तर भूमिती काढणं सोपं जातं. तरीही पहिली केस हाताने टाइप करा. कोणती ओळ काय करते हे त्याशिवाय अंगवळणी पडत नाही, आणि पुढे केस अडली की टेक्स्ट फाईलच वाचावी लागते.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"केबिनमध्ये धूर कसा पसरतो" एवढ्यावर केस उभारता येत नाही. असं लिहा: "मागून पाचव्या रांगेत मध्यम वेगाने वाढणारी आग लागली, सगळी दारं बंद आहेत आणि ९० सेकंदांनी मागची दोन दारं उघडली, तर मधल्या वाटेत दीड मीटर उंचीवर पुढच्या दारापर्यंतची दृश्यता ५ मीटरच्या खाली कधी जाते?" सेलचा आकार, मापकांच्या जागा, किती सेकंद चालवायचं, हे सगळं या वाक्यातूनच ठरतं.

९० सेकंदांवर एक खुलासा. ४४ पेक्षा जास्त प्रवासी बसणाऱ्या विमानासाठी ९० सेकंदांत, निम्म्या दारांनी, सगळ्यांना बाहेर काढून दाखवावं लागतं. त्या चाचणीत धूर नसतो. मॉडेलमध्ये १०० व्या सेकंदाला दृश्यता गेली म्हणून "९० सेकंद पुरतात" असा निष्कर्ष काढू नका. धुरात माणसं हळू चालतात, दार शोधतात, परत फिरतात. ते मोजायला वेगळी मॉडेलं आहेत, उदाहरणार्थ ग्रीनिच विद्यापीठाचं एअरएक्झोडस.

२. संगणक लावण्याआधी कागदावर गणित करा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते आणि सगळ्यात जास्त वाचवते.

*आगीची वाढ.* सेकंदांतल्या वेळेच्या वर्गाला एका गुणकाने गुणलं की किलोवॉटमध्ये आग मिळते. मध्यम आगीचा गुणक ०.०११७२ आणि जलद आगीचा ०.०४६९. ९० व्या सेकंदाला मध्यम आग ९५ किलोवॉट आणि जलद आग ३८० किलोवॉट होते. मध्यम आगीला १०५५ किलोवॉट गाठायला ३०० सेकंद लागतात.

*धूर.* मध्यम आगीने ९० सेकंदांत सोडलेली एकूण ऊर्जा साधारण २.८५ मेगाज्यूल. एक किलो जळण्यामागे २५ मेगाज्यूल धरले तर जळलेला माल फक्त ११४ ग्रॅम होतो. पॉलियुरेथेन फोमच्या एका नमुन्याची काजळी किलोमागे ०.१९८ किलो मोजलेली आहे, म्हणजे इथे काजळी साडेबावीस ग्रॅम. केबिनमधली मोकळी जागा १४० घनमीटर धरून ती सारखी पसरवली तर घनमीटरमागे ०.१६ ग्रॅम. हे किलोत (०.०००१६) घेऊन ८७०० ने गुणलं की धुराचा विलोपन गुणांक (धूर प्रकाश किती अडवतो ते सांगणारा आकडा) मीटरमागे १.४ येतो, आणि ३ ला १.४ ने भागलं की दृश्यता दोन मीटरच्या आसपास. शंभर-सव्वाशे ग्रॅम फोम जळाला की सरासरी दृश्यता एवढी खाली येते. मॉडेलचं उत्तर याच्या दहापट दूर गेलं तर आधी फाईल तपासा.

यातला ३ हा आकडा प्रकाश परावर्तित करणाऱ्या पाटीसाठी आहे. स्वतः उजळणाऱ्या पाटीसाठी ८ घेतात. एफडीएस काही न सांगता ३ धरतो. दारावरच्या उजळणाऱ्या पाट्यांबद्दल लिहिताना हा गुणक बदला आणि अहवालात तसं नमूद करा.

*प्राणवायू.* एक किलो हवेतला सगळा प्राणवायू वापरला तर सुमारे ३ मेगाज्यूल उष्णता निघते. १४० घनमीटर म्हणजे १६८ किलो हवा, अर्थात ५०० मेगाज्यूल. प्राणवायू १५ टक्क्यांच्या आसपास आला की ज्वाळा टिकत नाहीत, म्हणून यातले साधारण १५० मेगाज्यूल हाती येतात. दारं बंद असतील तर मध्यम आग साडेपाच मिनिटांत तेवढे खाऊन टाकते. त्यानंतर आग दबते, पण न जळलेला गरम वायू केबिनमध्ये साठलेला असतो. अशा वेळी दार उघडलं की काय होतं, ते सिनसिनाटीला दिसलं.

*दार किती आग पोसतं.* दाराचं क्षेत्रफळ गुणिले उंचीचं वर्गमूळ गुणिले १५०० हे किलोवॉटमध्ये. ए३२० चं दार ०.८१ मीटर रुंद आणि १.८५ मीटर उंच असतं, म्हणून एका दारामागे सुमारे ३ मेगावॉट. मॉडेलमध्ये एकच दार उघडं असताना आत सतत १० मेगावॉट जळत असेल तर कुठेतरी हद्द चुकून उघडी राहिली आहे.

३. केबिनचा आकार उभारा

ए३२० ची केबिन २७.५१ मीटर लांब आणि जास्तीत जास्त ३.७० मीटर रुंद आहे. एफडीएसचं जग चौकोनी डब्यांचं असल्याने गोल भिंत पायऱ्यांसारखी करावी लागते. तिरक्या भूमितीची सोय नव्या आवृत्त्यांत आहे, पण पहिल्या केसमध्ये तिच्या वाटेला जाऊ नका. पायऱ्या करताना छताजवळचं आकारमान खऱ्या आकारमानाशी जुळतं का ते मोजा, कारण धुराचा थर तिथेच साठतो. छत १० सेंमी उंच धरलं तर अख्ख्या केबिनभर तेवढी जास्तीची जागा धुराला मिळते आणि थर खाली यायला उशीर लागतो.

डोक्यावरचे सामानाचे कप्पे कधीही गाळू नका. दोन बाजूंच्या कप्प्यांमध्ये छताखाली एक लांब पन्हळ तयार होते आणि धूर तिच्यातून केबिनभर धावतो. कप्पे काढून टाकलेल्या मॉडेलमध्ये धूर आडवा पसरतो, पातळ होतो आणि पुढच्या दारापाशी उशिरा पोचतो. गॅलीच्या (खाण्यापिण्याचं सामान ठेवण्याच्या जागेच्या) भिंती, टॉयलेट आणि पडदेही याच कारणासाठी हवेत.

सीटांच्या रांगा मल्ट ओळीने एकदम मांडता येतात, फक्त अंतर सांभाळा. ३० इंच म्हणजे ७६.२ सेंमी. ५ सेंमीच्या सेलसाठी ते ७५ केलं तर ३० रांगांमधल्या २९ अंतरांत ३५ सेंमी सरकतात आणि शेवटची रांग दारासमोरून हलते. खरं अंतर लिहा. एफडीएस प्रत्येक सीट जवळच्या सेलरेषेवर ओढतो, त्यामुळे रांगांमधलं अंतर थोडं कमीजास्त होईल, पण एकूण लांबी बरोबर राहील.

हे ओढणं अरुंद वाटांना महागात पडतं. मँचेस्टरच्या विमानात पुढच्या गॅलीच्या दोन भिंतींमधली वाट २२.५ इंच, म्हणजे ५७ सेंमी होती. १० सेंमीच्या मेशमध्ये ती ५० किंवा ६० होते. जिथे रुंदीच निर्णायक आहे तिथे सेल लहान करा, नाहीतर मेशची सुरुवात सरकवून रेषा भिंतीवर आणा.

सेलच्या निम्म्याहून पातळ वस्तूला एफडीएस जाडी नसलेला पत्रा समजतो. पत्रा वारा अडवतो, पण त्याच्यावरून हवा सोडणारा व्हेंट किंवा आग बसवता येत नाही. आगीखालचा ऑब्स्ट किमान एक सेल जाड ठेवा.

४. मेश

आगीवरून सेलचा आकार ठरवायचं एक सूत्र आहे. खोलीच्या हवेसाठी त्याचं सोपं रूप असं: आगीचे किलोवॉट भागिले १११०, आणि त्याचा ०.४ वा घात. उत्तर मीटरमध्ये येतं. १०० किलोवॉटसाठी ०.३८ मीटर, १ मेगावॉटसाठी ०.९६ मीटर. याला सेलच्या लांबीने भागलं की ४ ते १६ मधली संख्या यावी. १०० किलोवॉटच्या आगीला १० सेंमी सेल दिला तर ३.८ येतात, म्हणजे कमी. ५ सेंमी दिला तर साडेसात.

हे सूत्र फक्त आगीच्या झोताबद्दल बोलतं. कप्प्यांमधली पन्हळ, दारं, गॅलीची वाट याबद्दल ते काही सांगत नाही. दाराच्या रुंदीत किमान दहा सेल आणि छत ते कप्प्याचा तळ या उंचीत किमान सहा-सात सेल ठेवा, असं माझं मत आहे.

डब्याची मापं अशी घ्या की सेलांची संख्या २, ३ आणि ५ च्याच गुणाकारात बसेल. दाब सोडवणारं गणित त्यावर वेगाने चालतं. २८.८ मीटर लांब, ४.० मीटर रुंद, २.४ मीटर उंच डबा घेतला तर:

- १० सेंमी: २८८ × ४० × २४, म्हणजे २,७६,४८० सेल
- ५ सेंमी: ५७६ × ८० × ४८, म्हणजे २२,११,८४०
- २.५ सेंमी: सुमारे १ कोटी ७७ लाख

सेल निम्मा केला की सेल आठपट होतात आणि कालपायरी (गणित एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं ती) निम्मी, म्हणजे काम सोळापट. १० सेंमीची केस एका तासात होत असेल तर ५ सेंमीची दुसऱ्या दिवशी मिळेल असं धरून चाला.

५ सेंमीच्या केससाठी लांबीचे आठ सारखे तुकडे करा: प्रत्येकी ७२ × ८० × ४८. प्रत्येक कोरला एक तुकडा. तुकड्यांची सीमा आगीतून जाऊ देऊ नका. सीमेवरचा वेग दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो आणि झोत तिथे वाकडा होतो.

उघडणाऱ्या दाराबाहेर किमान एक-दीड मीटरचा जादा तुकडा जोडा आणि त्याच्या बाहेरच्या बाजूंना व्हेंट ओळीने "ओपन" म्हणा. दाराच्या चौकटीवरच ओपन लावलं तर आत येणारी थंड आणि बाहेर जाणारी गरम हवा यांची वाटणी बिघडते. डब्याच्या ज्या बाजूला तुम्ही काहीच लिहिलं नाही ती भिंत असते, हेही विसरू नका.

५. आग लिहा

सर्फ ओळीत दर चौरस मीटरची उष्णता आणि ती वेळेनुसार कशी वाढते तो रॅम्प. रिअ‍ॅक ओळीत इंधनाची घडण, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण. वर घेतलेल्या फोमच्या नमुन्यासाठी कार्बन मोनॉक्साइड किलोमागे ०.०४२ किलो. केरोसीनसाठी काजळी ०.०४२ आणि कार्बन मोनॉक्साइड ०.०१२. एफडीएसमध्ये साध्या पद्धतीत एकच इंधन देता येतं, त्यामुळे सीटची आग आणि बाहेरचं इंधन एकाच केसमध्ये घुसडू नका.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला: हे सगळे आकडे भरपूर हवेत जळणाऱ्या मालाचे. प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड कितीतरी वाढतो. किलोमागे ०.२ किलोपर्यंतचे आकडे कोंडलेल्या आगींत मोजले गेले आहेत. बंद केबिनमध्ये विषारी वायूंचा प्रश्न असेल तर दोन टप्प्यांच्या रासायनिक क्रियेचा पर्याय वापरा किंवा वरच्या आकड्याने दुसरी धाव (रन) करा.

दुसरा: घरातल्या सोफ्याचे आकडे. विमानाच्या सीटला अग्निरोधक थर असतो. तिची गादी तेलाच्या बर्नरसमोर दोन मिनिटं ठेवतात आणि वजनातली घट १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. सोफ्याची वाढ सीटला लावली तर आग अवास्तव वेगाने वाढेल.

तिसरा: भिंती आणि छताच्या पॅनेलची आग. २० किंवा अधिक प्रवाशांच्या विमानात मोठ्या पृष्ठभागांना ३५ किलोवॉट प्रति चौरस मीटर उष्णतेखाली तपासतात. शिखर ६५ किलोवॉट प्रति चौरस मीटरच्या आत आणि पहिल्या दोन मिनिटांची बेरीज ६५ किलोवॉट-मिनिट प्रति चौरस मीटरच्या आत लागते. हा आकडा पॅनेलसाठी सुरुवातीची वरची मर्यादा म्हणून घेता येतो, पण उष्णतेचा मारा ३५ च्या वर गेला की तो लागू पडत नाही.

आग एका सीटवरून दुसरीवर जाते का, हे विचारायचं असेल तर शेजारच्या पृष्ठभागांना प्रज्वलनाचं तापमान आणि कोन कॅलरीमीटरचा रॅम्प द्यावा लागतो. नव्या आवृत्त्यांत उष्णतेच्या माऱ्यानुसार तो रॅम्प ताणण्याची सोय आहे. पदार्थाचं विघटन मुळापासून सोडवण्याच्या भानगडीत पहिल्या सहा महिन्यांत पडू नका. त्यासाठी लागणारे गुणधर्म क्वचितच हाताशी असतात आणि उत्तर त्यांच्यावर फार हेलकावे खातं.

६. भिंतींना पदार्थ द्या

ज्या ऑब्स्टला सर्फ दिलेली नाही ती इनर्ट समजली जाते, आणि इनर्ट भिंत पूर्ण वेळ २० अंशांवरच राहते. म्हणजे ती अखंड उष्णता शोषते. अरुंद, लांब केबिनमध्ये भिंतीचं क्षेत्रफळ मोठं असल्याने धूर लवकर थंड होतो, खाली बसतो आणि पुढे सरकायचा वेग मंदावतो. नवख्यांच्या फाईलींमध्ये ही चूक वारंवार सापडते, कारण प्रोग्रॅम कसलाही इशारा देत नाही. मॅटल ओळीत पॅनेलची जाडी, घनता, उष्णतावाहकता आणि विशिष्ट उष्णता लिहा. हे आकडे नक्की नसतील तर एक धाव पूर्ण उष्णतारोधक भिंतीने आणि एक इनर्टने करा. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये असतं.

७. हवा

विमानात ताजी हवा वरून येते आणि मजल्याजवळच्या जाळ्यांतून बाहेर जाते. धूर वर जाऊ पाहतो आणि हवा त्याला खाली दाबते, म्हणून इमारतीतला अनुभव इथे उपयोगी पडत नाही. चालू वायुवीजनात धुराचा स्वच्छ थर बनत नाही आणि मजल्याजवळही काजळी लवकर पोचते.

किती हवा? नियमाने प्रत्येक माणसामागे मिनिटाला किमान ०.५५ पाउंड, म्हणजे पाव किलो ताजी हवा. १८० माणसांना मिनिटाला ४५ किलो, अर्थात सेकंदाला ०.७५ किलो. जमिनीवरच्या हवेत हे सेकंदाला ०.६२ घनमीटर होतात. साधारण तेवढीच फिरवून आणलेली हवा यात मिसळली जाते, म्हणून एकूण सव्वा घनमीटर. १४० घनमीटरच्या केबिनची हवा तासाला ३२ वेळा बदलते. तुमच्या फाईलमध्ये हा आकडा १० किंवा १०० आला तर गुणाकार तपासा.

उणे चिन्हाचा वेग म्हणजे हवा डब्यात येते, अधिक चिन्हाचा म्हणजे बाहेर जाते. हे उलट झालं तर धूर छतातून शोषला जातो आणि केबिन आश्चर्यकारकरीत्या स्वच्छ दिसते.

फिरवून आणलेली हवा फिल्टरमधून जाते. काजळी अडते, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड अडत नाहीत. एचव्हीएसी (वायुवीजनाच्या नळ्या आणि पंखे लिहिण्याच्या) ओळींमध्ये प्रत्येक पदार्थासाठी फिल्टरची कार्यक्षमता वेगळी देता येते. तसं न करता ही हवा ताजी म्हणून सोडली तर फिरलेल्या हवेतले विषारी वायू हिशेबातून गायब होतात.

हवेच्या फटी सेंटिमीटरभर रुंद असतात, त्या ५ सेंमीच्या सेलमध्ये मावत नाहीत. व्हेंट मोठा करून एकूण प्रवाह बरोबर ठेवा. झोताचा जोर त्यात कमी होतो, हे अहवालात लिहा.

उड्डाणातली केस करायची असेल तर दाब बदला. केबिनचा दाब ८००० फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे सुमारे ७५,३०० पास्कल असू शकतो. हवेची घनता पाऊणपट होते, प्राणवायूचं प्रमाण तेवढंच राहतं. सगळीकडून बंद डबा मात्र करू नका. आग लागल्यावर दाब चढत जातो आणि गणित कोसळतं. आउटफ्लो व्हॉल्व्ह (केबिनमधली हवा बाहेर सोडणारी झडप) किंवा गळती द्यायलाच हवी.

८. बाहेरची इंधनाची आग असेल तर

केरोसीनच्या मोठ्या डबक्यातून दर चौरस मीटरला सेकंदाला ०.०३९ किलो इंधन जळतं, किलोमागे ४३.२ मेगाज्यूल. म्हणजे चौरस मीटरला सुमारे १.७ मेगावॉट, आणि २.४ × ३ मीटरच्या डबक्याला बारा मेगावॉटच्या आसपास. सूत्राने इथे २५ सेंमीचा सेल चालतो असं उत्तर येतं. ते मोकळ्या मैदानापुरतं खरं. ज्या दारातून किंवा भोकातून ज्वाळा आत शिरतात तिथे ५ सेंमीच हवेत.

वाऱ्याशिवाय ही केस करू नका. मँचेस्टरला वारा जेमतेम ७ नॉटचा होता, पण त्याने ज्वाळा विमानाच्या अंगावर लोटल्या. वाऱ्याच्या बाजूला दाब चढतो, विरुद्ध बाजूला उतरतो, आणि दोन्ही बाजूंची दारं उघडी असतील तर धूर केबिनमधून ओढला जातो. वाऱ्याच्या किमान तीन दिशा आणि एक शांत हवेची धाव करा. उत्तरांमधली तफावत पाहिली की एकाच धावेवर विसंबणं किती धोक्याचं आहे ते समजतं.

अ‍ॅल्युमिनियमची त्वचा अशा आगीत मिनिटाभरात वितळते. एफडीएसमध्ये ते वितळणं आपोआप होत नाही. डेव्हक ओळीत वेळ किंवा तापमान ठरवून तो ऑब्स्ट काढून टाकावा लागतो. नव्या विमानांमधलं त्वचेमागचं इन्सुलेशन चार मिनिटं ज्वाळा अडवेल असं तपासलेलं असतं, त्यामुळे भोक कधी पाडायचं ते कोणत्या काळातलं विमान आहे त्यावर ठरतं. कार्बन फायबरच्या विमानाला अ‍ॅल्युमिनियमचे आकडे लावू नका.

९. मापक बसवा

मधल्या वाटेत दर तीन मीटरवर, तीन उंचींवर मापक ठेवा: उभ्या माणसासाठी १.५ मीटर, बसलेल्यासाठी १.१, रांगणाऱ्यासाठी ०.५. प्रत्येक जागी दृश्यता, तापमान, प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड आणि विषारी मात्रेची बेरीज. ही बेरीज १ झाली की साधारण माणूस हालचाल करू शकत नाही. दुबळ्या लोकांसाठी ०.३ धरतात. एफडीएसमधल्या बेरजेत हायड्रोजन सायनाइड तुम्ही ते क्रियेत दिलं असेल तरच येतं, आणि सीटच्या फोममध्ये नायट्रोजन असतो हे लक्षात ठेवा.

मापक ऑब्स्टच्या आत गेला तर त्याचा आकडा निरर्थक येतो. स्मोकव्ह्यूमध्ये एकेक जागा डोळ्यांनी पाहा.

१०. चालवा

पहिली धाव शून्य सेकंदांची. एफडीएस फक्त भूमिती लिहितो आणि थांबतो. स्मोकव्ह्यूमध्ये केबिन सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा, दारं आणि भोकं मोजा. दुसरी धाव १० सेंमीच्या मेशवर ३० सेकंद. मग पूर्ण वेळ.

लांब धावेत रीस्टार्ट फाईल दर काही सेकंदांनी लिहायला सांगा. वीज गेली तर तेवढंच नुकसान. मधेच थांबवायचं झालं तर खिडकी बंद करू नका. केसच्या नावाची, स्टॉप असं एक्स्टेन्शन असलेली रिकामी फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवा, प्रोग्रॅम नीट आवरून थांबतो.

"न्यूमरिकल इन्स्टॅबिलिटी" म्हणून धाव पडली तर या क्रमाने शोधा: पूर्ण बंद कप्पा, एका सेलची फट, अवाजवी वेगाचा व्हेंट, तुकड्यांच्या सीमेवरची आग. एका रांगेत मांडलेल्या तुकड्यांमध्ये दाबाचं गणित जुळायला वेळ लागत असेल तर बोगद्यांसाठी असलेला दाबाचा पर्याय वापरता येतो. दाराबाहेरचे जादा तुकडे जोडले असतील तर तो चालत नाही.

११. उत्तर तपासा

सर्वात आधी एचआरआर फाईल (आगीतून क्षणोक्षणी सुटलेल्या उष्णतेची नोंद) उघडा. तुम्ही लिहिलेली आग आणि प्रत्यक्षात जळलेली आग शेजारी मांडा. जळलेली कमी असेल तर प्राणवायू संपला का, की आगीचं क्षेत्रफळ सेलरेषांवर ओढलं जाऊन आकसलं, ते पाहा. मग एकूण काजळीचं वजन दुसऱ्या पायरीतल्या कागदाशी ताडून बघा.

यानंतर तीन मेश. १०, ५ आणि निदान आगीपाशी २.५ सेंमी. ५ आणि २.५ मध्ये "दृश्यता ५ मीटरच्या खाली कधी गेली" ही वेळ दहा टक्क्यांच्या आत जुळली तर पुढे जा. १० आणि ५ जुळले एवढ्यावर थांबू नका. दोन्ही ढोबळ मेश एकसारखी चूक करू शकतात.

व्हॅलिडेशन गाइडमध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएने बोइंग ७०७ च्या मालकप्प्यात केलेल्या धुराच्या चाचण्या आहेत, आणि त्यांच्या फाईली एफडीएसच्या गिटहब भांडारात मिळतात. तुमची केस चालवण्याआधी त्यातली एक स्वतःच्या संगणकावर चालवा. गाइडमधला आलेख मिळाला तर तुमची मांडणी बरोबर बसली आहे. मालकप्प्याच्या केस करणाऱ्यांना ही चाचणी थेट उपयोगाची आहे, कारण तिथे आग लागल्यापासून एका मिनिटात वैमानिकाला इशारा मिळावा असा नियम आहे आणि खरा प्रश्न डिटेक्टरपर्यंत धूर पोचण्याचाच असतो.

१२. अहवालात काय लिहाल

आगीचा आलेख आणि तो कुठून घेतला. काजळी आणि वायूंची प्रमाणं. भिंतीचे गुणधर्म. हवेचा प्रवाह. दारं उघडण्याच्या वेळा. तीन मेशची तुलना. मोठी आग, लहान आग, उघडी आणि बंद दारं अशा निदान चार-पाच धावांची उत्तरं. दृश्यतेची वेळ एका आकड्यात न देता "५५ ते ८० सेकंद" अशी पट्ट्यात द्या आणि ती कशामुळे हलते ते लिहा. धुराची रंगीत चित्रं शेवटी जोडा, आणि प्रत्येक चित्राखाली सेकंद, उंची आणि रंगपट्टीच्या मर्यादा लिहा. रंगपट्टी आपोआप बदलती ठेवली तर दोन चित्रांची तुलना करता येत नाही. ती हाताने पक्की करूनच चित्रं काढा.